चालू कॅमेऱ्यासमोर

"कट," ती म्हणाली, आणि दोन्ही भाऊ पुन्हा गप्प झाले.

हा सातवा टेक होता. 'कट' ऐकू आलं की काका उठत आणि फळीपलीकडे आपल्या बाजूला जाऊन बसत. बाबा डोळ्याला भिंग लावून कुठलं तरी मनगटी घड्याळ उघडत. नऊ वर्षं हे दुकान असंच चाललं होतं. घड्याळदुरुस्तीचं दहा बाय बाराचं एकच दुकान, मधोमध प्लायवूडची फळी, अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. बोलणं बंद. अगदीच अडलं तर तिसऱ्याच्या तोंडून.

"त्यांना सांग, शॉटमध्ये माझ्या खुर्चीला टेकू नका म्हणावं," फळीपलीकडून काका म्हणाले.

"त्याला सांग, मला हौस नाही टेकायची," बाबा म्हणाले.

तिने कुणालाच काही सांगितलं नाही. फळी इतकी पातळ होती की निरोप आपल्या पायांनीच पोचत.

फिल्म तिनेच लिहिली होती. ऑफिसातल्या हौशी मंडळाची, सहा मिनिटांची, अबोला धरलेल्या दोन भावांची. गोष्ट सुचली कुठून, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. उद्या सकाळी बाबा दुकान सोडून तिच्या भावाकडे कायमचे राहायला निघणार होते. दोघं सत्तरीला आलेले. आता हे न बोलताच एकमेकांना दुरावणार, या विचाराने तिची महिनाभर झोप उडाली होती. समजावून झालं, रागावून झालं, रडूनही झालं. शेवटी तिने हा उद्योग काढला. संवाद म्हणून का होईना, बोलतील तरी. काकांनी आधी साफ नकार दिला. मग म्हणाले, "कॅमेरा चालू असेल तेवढाच वेळ. पुढे माझा संबंध नाही."

आणि आता हे. काका भावाशी न बोलता थेट कॅमेऱ्याशी बोलत होते. बाबा धडा म्हणून दाखवावा तसे संवाद म्हणत होते. तिची मैत्रीण फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्याला बांधलेला माइक धरून स्टुलावर उभी होती आणि तिचे दंड भरून आले होते. कॅमेऱ्यामागे हिशेब विभागातला एक सहकारी. दर रविवारी लग्नं शूट करायचा म्हणून सगळे त्याला लग्नवालाच म्हणत. दारातून येणारा उजेड फार तर अर्धा तास टिकला असता.

"टेक आठवा," ती म्हणाली. "काका, प्लीज, या वेळी बाबांकडे बघा. अॅक्शन."

"दादा, जातोस तर जा," काका म्हणाले. "पण सांगून जा."

पुढचं वाक्य बाबांचं होतं. ते आलंच नाही. बाबा विसरले होते. तिने दोन्ही हातांनी कागद घट्ट धरला. आता 'कट' म्हणायचं, म्हणजे काका उठणार. तिच्याने म्हणवेना.

बाबांनी भावाकडे पाहिलं आणि कागदावर नसलेलं वाक्य बोलले.

"आई गेली, तेव्हा तू मला सांगितलंस?"

काकांचा हात संवादाचा कागद काढायला खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"तू तापाने फणफणला होतास. तीच म्हणाली, थोरल्याला झोपू दे, सकाळी बोलाव. मला वाटलं, सकाळपर्यंत राहील."

"हे नऊ वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"तू तेराव्या दिवशी सुतार घेऊन आलास."

बाबांनी मान खाली घातली. नेमका तेव्हाच लग्नवाला तिच्या कानाशी आला. "अगं, कार्ड भरलं," तो कुजबुजला. "मागच्या रविवारचं लग्न काढायचंच राहिलं त्यातून. बंद पडलाय कॅमेरा."

तिने त्याच्या पायावर पाय दिला. हे काकांच्या कानावर गेलं असतं तर संपलंच होतं. तिने कागद तसाच समोर धरून ठेवला, जणू सगळं सुरळीत चालू आहे. मैत्रिणीला काहीच ठाऊक नव्हतं. तिचा माइक दोघांच्या डोक्यावर थरथरत राहिला.

भाऊ बोलत होते. आई शेवटी काय म्हणाली, कुणाचं नाव घेतलं, त्रास झाला का. बाबा एकेक विचारत होते आणि काका आठवून आठवून सांगत होते. पण तिचं अर्धं लक्ष लग्नवाल्याकडे होतं. माणूस सरळ. एकदा एका नवरदेवाला त्याने स्वतःहून फोन करून सांगितलं होतं, तुमची वरमाला माझ्याकडून हुकली म्हणून. त्याची चुळबुळ तिला दिसत होती. ती नजरेनेच त्याच्या हातापाया पडत होती.

दहा मिनिटं झाली. उजेड गेला. दोघांचे चेहरेही आता नीट दिसत नव्हते आणि लग्नवाल्याचा धीर सुटला.

"माफ करा," तो मोठ्याने म्हणाला, "पण मघापासून काहीच शूट होत नाहीये."

तिने डोळे मिटले. अंधारात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गेले काका, तिला वाटलं, आणि तिला रडू फुटलं.

डोळे उघडले तेव्हा काकांनी खुर्ची ओढून बाबांच्या गुडघ्याला गुडघा लावला होता.

"कॅमेऱ्याचा लाल दिवा केव्हाच विझला, पाहिलं आम्ही," भावावरची नजर न काढता ते म्हणाले. "तू फक्त कट म्हणू नकोस."