नग दोन

“शिडी कुठे आहे?” वकीलबाईंनी विचारलं.

रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने जमिनीकडे.

वकीलबाईंचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि रंगाऱ्याची चाकांची खुर्ची जिन्यावरून वर जात नव्हती, म्हणून त्याच खाली आल्या होत्या. खालच्या झेरॉक्सवाल्याने त्यांना कागदाच्या गठ्ठ्यांवर बसायला जागा करून दिली होती. मागे मशीन चालू होतं. त्याचा हिरवट उजेड भिंतीवरून पुनःपुन्हा सरकत होता.

“कापली,” रंगारी म्हणाला.

“कापली म्हणजे?”

“आमच्या धंद्यात तसंच करतात. जी शिडी माणसाला पाडते, ती त्याच दिवशी कापायची. पुन्हा कुणी चढायला नको. मी दवाखान्यात होतो. बरोबरच्यांनी करवतीने हातहातभर तुकडे केले आणि भंगारात देऊन आले.”

“तुटलेली पायरीसुद्धा?”

“तीच आधी.”

“फोटो तरी?”

“माणूस उचलायचा की फोटो काढायचा, बाई?” बायको म्हणाली.

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग शांतपणे समजावून सांगितलं. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणाऱ्यावर दावा करता येतो, विकणाऱ्यावरही करता येतो. त्यांनी मुद्दाम केलं हे दाखवावं लागत नाही. वस्तूत दोष होता एवढं दाखवलं तरी पुरतं. “पण ते वस्तूच दाखवते. ती नसली की कंपनी म्हणणार, याचाच पाय घसरला.”

“माझा पाय बावीस वर्षांत घसरला नाही.” रंगाऱ्याचा आवाज चढला नाही. “सहाव्या पायरीचा डावा रिव्हेट सुटला. आधी आवाज आला, मग मी पडलो. पडल्यावर आवाज नाही आला. आधी आला.”

“माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासावर निकाल लागत नाही.”

“डॉक्टर म्हणतात, वर्षभर रोज व्यायाम करून घेतला तर हे काठी घेऊन चालतील,” बायको म्हणाली. “नाहीतर ही खुर्चीच. व्यायाम करून घ्यायला रोज माणूस लागतो. तो आम्ही कशाच्या जिवावर ठेवायचा?”

वकीलबाईंनी हात पुढे केला. “बिल आहे ना? ते बघू.”

प्लास्टिकच्या पिशवीतून बिल निघालं. चार घड्या घातलेलं, एका कोपऱ्याला पांढरा रंग लागलेलं. त्या वाचता वाचता थांबल्या.

“इथे नग दोन लिहिलंय.”

“हो, जोडीने घेतल्या होत्या. एक यांना, एक आमच्या बोक्याला.”

“बोका?”

“माझा धाकटा भाऊ. भिंतीला हात न लावता चढतो, म्हणून सगळे बोका म्हणतात. यांची राहिलेली कामं तोच ओढतोय.”

“म्हणजे दुसरी शिडी शाबूत आहे?”

“तिला काय धाड भरलीय? चार महिने राबतेय, कुरकुर नाही. यांची तेवढी खोटी निघाली.”

वकीलबाई सरसावून बसल्या. टोपण निघालं. “अहो, मग केस उभी राहते! हे बघा, दोन्हींचा बॅच नंबर एकच टाकलाय. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर बनल्यात. रिव्हेट एकाच पेटीतले. आपण ती तपासायला पाठवू. पायरीवर माणसाएवढं वजन ठेवतात, काढतात, पुन्हा ठेवतात. हजारदा. आणि तोच रिव्हेट तसाच सुटला, तर—”

त्या मध्येच थांबल्या.

रंगाऱ्याने केव्हाच स्पीकरवर फोन लावला होता. पलीकडून रिकाम्या खोलीत घुमणारा आवाज आला.

“बोला, भाऊजी.”

“कुठे आहेस?”

“स्वर्गात. छताला नाक लागलंय.”

“कितव्या पायरीवर?”

“आठव्या. का? अंदाज चुकला का तुमचा? आत्तापर्यंत हॉल व्हायला हवा होता म्हणता ना?”

“खाली उतर.”

“हा एक पट्टा मारतो आणि—”

“आत्ता उतर. रोलर तिथेच सोड. फोन खिशात टाक, बंद करू नकोस. पाय पायरीच्या मधोमध ठेवायचा नाही. अगदी कडेला, उभ्या दांड्याला चिकटून. दोन्ही हातांनी दांडा धर. उडी मारू नकोस.”

“झालं काय? ताई बरी आहे ना?”

“मी बरी आहे रे,” बायको म्हणाली. “ते सांगतात तसं कर.”

झेरॉक्सवाल्याने मशीन बंद केलं.

फोनमधून कापडाची खसखस आली. रोलर फरशीवर आपटला. मग एक पाऊल. थोड्या वेळाने दुसरं. बायको ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती, आठपासून खाली. सहावर ती थांबली, कारण तिकडचं पाऊलही थांबलं होतं. धातू धातूवर घासल्याचा बारीक आवाज आला. वकीलबाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. त्यांनी ते उचललं.

मग पुन्हा एक पाऊल. आणखी एक. पुढची भराभर.

“उतरलो,” बोका म्हणाला. त्याला धाप लागली होती. “आता सांगा काय ते. पट्टा अर्धा राहिला, भाऊजी. वाळला की जोड दिसणार छतावर. मालक बोंब मारेल.”

बावीस वर्षांत रंगाऱ्याने कुणाच्या छतावर जोड दिसू दिला नव्हता.

“दिसू दे,” तो म्हणाला.