शेवटचा मणी

आईने दारूची बाटली बेसिनमध्ये ओतल्याचं बाबांना कळलं, तेव्हा आम्ही गुडघे टेकून रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, सुरू केली होती. कमरेचा पट्टा हातात घेऊनच ते आत आले आणि दारापाशी नाइलाजाने गुडघ्यांवर बसले. रोझरी चालू असताना कुणी उठायचं नाही, कुणावर हात उगारायचा नाही, हा आजोबांचा नियम बाबा प्यायल्यावरही पाळत. पाच रहस्यं, म्हणजे प्रार्थनेचे पाच टप्पे, प्रत्येकाचे दहा मणी. आई एकेक मणी मुंगीच्या पावलांनी सरकवत होती. आमच्याबरोबर बाबाही दातओठ खात उत्तर देत होते, "आम्हा पाप्यांसाठी विनंती कर." शेवटचा मणी आला. पट्ट्याचं बक्कल फरशीवर खणकन वाजलं. तेवढ्यात, रोज दुसऱ्याच रहस्यात पेंगणाऱ्या आमच्या धाकटीने आईच्या हातातली माळ ओढली आणि ठणकावून म्हटलं, "रहस्य पहिलं!" अर्धवट उठलेले बाबा मुकाट्याने पुन्हा गुडघ्यांवर आले.