परिसमन

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही चंद्रावरच्या वसाहतीत राहता आणि तिथे कुणाला किती हवा द्यायची, हे एक स्प्रेडशीट ठरवते.

दहा वर्षांच्या ऋजुताची आई ती वापरायला शिकवायची. उद्या हवा खात्याच्या कारकुनांचा वर्ग होता आणि ‘परिसमन’ हे नवं फंक्शन तिलाच कळत नव्हतं. मदतीच्या पानावर एवढंच होतं: ‘हवा आणि माणसं यांचा मेळ घालतं.’

अडलं, की आई घरच्याच माणसांवर करून बघायची. तिने चौघांची नावं आणि वयं भरली. हवा तिघांनाच मिळाली.

“आई, आजोबांपुढे शून्य का?”

आईने आजोबांचं वय एकाहत्तरचं एकोणसत्तर केलं. शून्य गेलं. तिचा चेहरा उतरला.

“ऋजे, माझं काय चाललंय गं?” आजोबांनी पलीकडून विचारलं.

“काही नाही, आजोबा!” मग ती कुजबुजली, “आई, नको ना शिकवूस हे.”

“मी नाही तर दुसरं कुणी शिकवेल, बाळा.”

आई डोळे पुसत आत गेली. ऋजुताने उद्याच्या सरावाचं पान उघडलं, त्यातली खोटी नावं पुसली आणि लिहिलं, ‘इथे आपापल्या घरातली माणसं भरा.’