मंगळवार, शुक्रवार

भर उकाड्यात सिस्टरांनी लोकरीचा स्वेटर अंगात चढवला. शेवटचं बटण लागतंय न लागतंय तोच दारावरची बेल वाजली.

दारात संस्थेतली बाई होती. चाळिशीची, तीन जिने चढून धापा टाकणारी, काखेत फाइल. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ही संस्था मदतनीस पाठवायची. सिस्टरांकडे मंगळवारी आणि शुक्रवारी एक मदतनीस यायची. आज बुधवार होता.

"खालच्या मजल्यावरून आमच्याकडे फोन आला होता," बाई बसता बसता म्हणाली. "काल तुमच्याकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणे."

"टीव्ही असेल. मला कमी ऐकू येतं, आवाज मोठा ठेवते मी."

बाईने खोलीभर नजर फिरवली. टीव्ही कुठे नव्हता. 

"आजी, उकडत नाही का तुम्हाला स्वेटरमध्ये?"

"वय झालं की गारठल्यासारखं होतं."

बाई नुसती बसून राहिली. बत्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या सिस्टरांना ही बसण्याची तऱ्हा चांगलीच ओळखीची होती. खाटेच्या कडेला त्या स्वतः अशाच बसायच्या, जणू पुढे दुसरं काही कामच नाही. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी आपणहून बटणं काढली आणि डावा हात स्वेटरातून सोडवला. दंडाच्या बाहेरच्या अंगाला चार निळे डाग एका रांगेत, आतल्या अंगाला एक, जरा मोठा.

"न्हाणीघरात पडले."

म्हणताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. हे वाक्य त्यांनी किती बायकांच्या तोंडून ऐकलं होतं. ऐकून केसपेपरवर जसंच्या तसं उतरवायचं, आणि खाली आपल्या अक्षरात लिहायचं, पाच बोटांचे वळ. तेव्हा त्या बायकांचा राग यायचा. एवढं काय घाबरायचं, सांगून मोकळं व्हावं माणसाने.

त्या बायका घाबरत नव्हत्याच बहुतेक. हे आता कळत होतं.

मदतनीस सिस्टरांचे केस धुऊन द्यायची. पायाची नखं काढता काढता आपल्या सुनेच्या नकला करायची, आणि सिस्टरांची हसून हसून पुरेवाट व्हायची. सगळ्या जगाला त्या आजी झाल्या होत्या. सिस्टर म्हणणारी ती एकटी उरली होती. मग एखाद्या दिवशी उठायला वेळ लागायचा, चहा सांडायचा, आणि तिची बोटं दंडात रुतायची. काल तर तिने खोलीला बाहेरून कडी घातली. तासभर सिस्टर दार वाजवत, हाका मारत राहिल्या. जाताना मात्र तिने पांघरूण नीट केलं, उशाशी पाणी ठेवलं. "शुक्रवारी येते हं, सिस्टर," म्हणाली. आणि तेव्हापासून सिस्टर शुक्रवारकडे डोळे लावून बसल्या होत्या.

"पडले म्हणालात तर मला पडल्या असंच लिहावं लागेल," बाई म्हणाली. "खालच्यांनी ऐकलंय फक्त, पाहिलं काहीच नाही."

"मग तसंच लिहा."

बाईने दोन ओळी लिहिल्या आणि फाइल मिटली. ती उठायला लागली तेव्हा सिस्टरांनी सहज विचारावं तसं विचारलं, "बाकीचे दिवस ती कुठे असते?"

"एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे. अर्धांगवायू झालाय त्यांना."

"बोलतात?"

"नाही. वाचा गेलीय."

"घरी कोण असतं?"

"मुलगी आहे, पण ती सकाळी कामावर जाते ती दिवेलागणीलाच येते."

"अंघोळ कोण घालतं त्यांना?"

"हीच घालते."

सिस्टर काही वेळ आपल्या दंडाकडे पाहत राहिल्या. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "ते 'पडले' खोडा."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला सांगतात तसं, एकापाठोपाठ एक. तारीख, वेळ, कुठला हात, कडी किती वेळ होती. कुठे अडखळल्या नाहीत. बाई भराभर लिहीत गेली. मध्ये एकदा तिने लिहिणं थांबवून पाणी आणून दिलं.

"आता ती येणार नाही?" सांगून झाल्यावर सिस्टरांनी विचारलं.

"आजपासूनच नाही. दोन्ही घरी नाही."

"मग माझ्याकडे कोण?"

बाईला खोटं सांगता आलं असतं. "यादी मोठी आहे हो, आजी. महिना-दीड महिना तरी जाईल. तोवर मी फोन करत जाईन."

"करा," सिस्टर म्हणाल्या. निवृत्त होऊन दवाखाना सोडला, तेव्हाही फोन करत जाऊ म्हणणारे बरेच जण होते.

बाईने कागद पुढे सरकवला. "सही हवी. आणि वर हा एक रकाना राहिलाय, तक्रार आहे त्या व्यक्तीशी तुमचं नातं. आम्ही इथे शक्यतो लाभार्थी असंच लिहितो. लिहू?"

सिस्टरांनी उशीखालून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. तो रकाना नीट वाचला, आणि पेनासाठी हात पुढे केला. 

मैत्रीण, असं त्यांनी लिहिलं, आणि खाली सही केली.