काळा कागद

लग्न झाल्या झाल्या भाऊजींनी ताईच्या गॅलरीच्या काचांना काळा कागद चिकटवला. समोरच्या इमारतीतले पुरुष टक लावून बघतात, हा त्यांचा जावईशोध. तेव्हापासून ताई कपडेसुद्धा आतच वाळत घालायची.

यंदा ताईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "व्हिटॅमिन डी पार तळाला गेलंय. त्यानेच कॅन्सर झाला असं नाही, पण हिला रोज उन्हात बसवा."

घरी आल्यावर भाऊजींनी स्वतः सगळा कागद खरवडून काढला, काचा सरकवून ऊन आत घेतलं, गॅलरीत खुर्ची मांडली, पाठीला उशी ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

ताई मात्र सवयीने दारातच थबकली.



"बस की खुशाल," भाऊजी म्हणाले. "आता कोण बघतंय तुझ्याकडे."