रुळांचं काम

पडद्यावर मास्ट्रिख्ट–लिएज रेल्वेमार्गाच्या सिग्नलचा आराखडा. पोटात एक लाथ. बेल्जियममध्ये, दादाच्या स्वयंपाकघरात, तुपात फुलणारा डिंक.

आसावरी बेल्जियमच्या हद्दीअलीकडे, मास्ट्रिख्टच्या घरात येरझाऱ्या घालत आईशी फोनवर बोलत होती. तिच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली आई आधी दादाकडे उतरली, आणि करोनात हद्द बंद झाल्यावर तिथेच अडकली.

"मालगाड्या जातायत ना तुझ्या मार्गावरून? मग घाल मला एखाद्या डब्यात."

"चेष्टा नको गं. भीती वाटतेय मला."

आई म्हणाली, "लाडू वळतेय. तू फेऱ्या थांबव, बस जरा."

हद्द बंद होण्याआधीच्या रविवारी आई निघणार होती. त्या दिवशी आसावरीच्या टीमने रूळ बदलायला घेतले होते, गाड्या बंद होत्या, म्हणून तिनेच आईला आठवडाभर थांबायला सांगितलं होतं.