उजवीकडची पावलं

दुकानदाराने पाचही स्पीकर सुरू केले. पडद्यावरच्या जंगलात कुणीतरी चालू लागलं.

"डोळे मिटा आणि पावलं कुठून येतात ते सांगा," तो म्हणाला. "या साउंड कार्डची खरी गंमत तीच आहे."

रेवती चटकन मागे, उजवीकडे वळली. तिचा नवरा शार्दूल मान न हलवता म्हणाला, "मस्त आहे. हेच घेऊया."

लग्न झाल्यापासून दोघं दर रविवारी एकत्र गेम खेळत, सिनेमे बघत. नव्या कॉम्प्युटरला भारी आवाज हवा, हा हट्ट शार्दूलचाच होता. रेवतीने पावलं पुन्हा ऐकवायला सांगितली. तो या वेळीही वळला नाही.

"उजव्या कानाने ऐकू येतंय ना तुला?" तिने हळूच विचारलं.

"गणपतीत ताप आला होता ना, तेव्हापासून नाही. डॉक्टर म्हणाले, आता येणारही नाही. तुला कळलं असतं, तर माझ्यासाठी तू खेळणंच सोडलं असतंस."

रेवतीने डोळे पुसले आणि ती दुकानदाराकडे वळली. "पाच नकोत. सगळा आवाज एकाच बाजूने ऐकू येईल, असं काही द्या."

त्याने साधं कार्ड आणि एकच दणकट स्पीकर काढून दिला.

संध्याकाळी रेवतीने आपली खुर्ची शार्दूलच्या डाव्या बाजूला ओढली आणि गेम सुरू झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातल्या नकाशावर शत्रूचा ठिपका दिसताच ती त्याच्या कानाकडे झुकली.

"मागून, उजवीकडून येतोय."

शार्दूलने खात्री न करताच बंदूक तिकडे वळवली.